बगिच्यासमोरचा प्लॉट, तीन दिवस आणि डायरीचं एक पान

इंदूरला जमिनीच्या धंद्यात ‘डायरीवर सौदा’ हे शब्द पानाच्या टपरीवरही कानावर पडतात. बाहेरच्याला मात्र ते समजावून सांगावे लागतात. कॉलनी अजून कागदावरच असते. नगर तथा ग्राम निवेश विभागाने नकाशा मंजूर केलेला नसतो, रेराचा (घरबांधणी आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) क्रमांक नसतो. पण शेतात चुन्याने आखलेले रस्ते दिसतात आणि तोंडाशी एक कमान उभी असते. बिल्डरला जमीनमालकाचे हप्ते चुकवायचे असतात आणि या टप्प्यावर बँक त्याला दारात उभं करत नाही. म्हणून तो दलालांच्या साखळीतून, लाँचच्या आधीच्या भावाने, बहुतेक रोखीत प्लॉट ‘देतो’. पावती म्हणून खिशातल्या डायरीचं एक पान मिळतं. ते पान पुढच्याला जास्त भावाने विकता येतं, त्याला ‘डायरी फिरवणं’ म्हणतात. हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर हा प्लॉटचा खरेदीदार नसतोच. बिल्डरला बिनव्याजी, बिनतारण पैसे देणारा तो सावकार असतो, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

पुढचं प्रकरण कुठल्याही एका घराचं नाही. अशा व्यवहारांत पुन्हापुन्हा दिसणारे टप्पे एकत्र करून ते उभं केलं आहे. रकमा हिशेब दिसावा म्हणून बांधलेल्या आहेत. कायद्याची कलमं आणि पंचांगातल्या तारखा खऱ्या आहेत.

घर

लोकमान्य नगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा ४४ वर्षांचा, पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात, हातात ७८ हजार. बायको खाजगी शाळेत शिकवते, २७ हजार. नवऱ्याची आई सोबत, मुलगा दहावीत. फ्लॅटचा हप्ता १९,४०० रुपये, आणि सगळं भागवून महिन्याला १८ हजारांच्या आसपास उरतात. अकरा वर्षांची मोटार, दोनदा दुरुस्त केलेला टीव्ही. उधळपट्टीची एकही खूण या घरात सापडायची नाही, आणि प्रकरण समजून घ्यायला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायकोच्या मावसबहिणीच्या निपानियातल्या बंगल्याची वास्तुशांत झाली. पंगतीत कुणीतरी सहज विचारलं, “तुम्ही अजून लोकमान्य नगरातच का?” प्रश्नात काही वाईट नव्हतं. घरी परतताना त्यावर कुणी बोललंही नाही.

गुरुवार ते रविवार

गुरुवारी, २७ मार्चला रात्री नऊच्या सुमारास बायकोच्या भावाचा फोन आला. “भाऊजी, उज्जैन रोडला एक कॉलनी निघतेय. सिंहस्थ २०२८ चं आहे, रस्ता सहापदरी होतोय, मेट्रो येतेय. डायरीचा रेट ३,२००, लाँचला ३,८०० निघणार. ओळखीतला दलाल आहे, मी स्वतः एक घेतोय.” रस्ता आणि सिंहस्थ या बातम्या खऱ्याच होत्या. अशा विक्रीचा पाया खऱ्या बातमीवरच घातलेला असतो. खोटं असतं ते बातमी आणि प्लॉट यांच्यामध्ये जोडलेलं ‘म्हणून’.

शुक्रवारी संध्याकाळी साइट. प्लॉट क्रमांक ११७, २० बाय ५०, म्हणजे हजार चौरस फूट, पूर्वमुखी आणि बगिच्यासमोर. बगिच्याच्या जागी हरभऱ्याची कापणी झालेली होती. दलाल बोलत होता बायकोशी: “भाभीजी, गार्डन फेसिंग में दो ही बचे हैं. रविवार बारह बजे तक का रेट है, फिर ऊपर से लिस्ट बदल जाएगी.” तिथेच ५१ हजारांचं टोकन दिलं. रविवारी दुपारी बारापर्यंत आणखी ७ लाख ४९ हजार द्यायचे, म्हणजे एकूण ८ लाख, ३२ लाखांचा चौथा हिस्सा. उरलेले ‘रजिस्ट्रीच्या वेळी, सहा महिन्यांनी’.

रविवार ३० मार्च हा गुढीपाडवा होता, साडेतीन मुहूर्तांतला एक. सोमवारी ईदची सुट्टी, मंगळवारी १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका बंद. शनिवार महिन्यातला पाचवा, म्हणून बँक उघडी. सगळी जमवाजमव त्या एका दिवसात कोंबली गेली. सकाळी मुदतठेव मोडली, ४ लाख २० हजार, व्याजात एक टक्का कापून. दुपारी बायकोच्या पाटल्या आणि गोठ गहाण टाकले. चार तोळ्यांच्या थोडं वर सोनं, त्यावर २ लाख ५० हजार, वर्षाला १२ टक्के. सोनेतारणाची रक्कम खात्यातच जमा होते, म्हणून ती पुन्हा रोखीत काढली. वरचे ७९ हजार घरातले आणि बचत खात्यातले. पाडव्याला साडेअकरा वाजता, गुढीला नैवेद्य दाखवून, पिशवी दलालाच्या हाती गेली.

बदल्यात मिळालेलं पान असं होतं. विमा कंपनीच्या जुन्या डायरीचं, १४ ऑगस्टची तारीख छापलेलं. त्यावर निळ्या पेनाने: ‘११७ – २०×५० – ३२०० – आ. ८ – बा. २४’. खाली दोन अक्षरांची वळणदार सही. ‘आ.’ म्हणजे आलेले, ‘बा.’ म्हणजे बाकी. कंपनीचं नाव नाही, गावाचं नाही, खसरा क्रमांक (जमिनीच्या सरकारी नोंदीतला क्रमांक) नाही. ८ च्या पुढे ‘लाख’ हा शब्दसुद्धा नाही.

कोणते प्रश्न टिकले, कोणते गळाले

या तीन दिवसांत घरात, गाडीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले गेलेले प्रश्न एका कागदावर मांडले तर २६ भरतात. त्यांतले १९ प्लॉट आणि भाव यांबद्दल: पूर्वमुखी आहे ना, बगिचा समोरच ना, क्लब हाउस असेल का, मावसबहिणीच्या प्लॉटपेक्षा रुंदी किती, लाँचला किती होईल. पाच प्रश्न पैसे कुठून आणायचे याबद्दल. कागदपत्रांबद्दल फक्त दोन. एक नवऱ्याने दलालालाच विचारला, “पेपर क्लिअर हैं ना?” आणि उत्तर मिळालं, “सब क्लिअर है साहब.” दुसरा आजींचा. पान हातात धरून त्या म्हणाल्या, “अरे, यावर पैसे घेणाऱ्याचं नाव कुठाय?” नवरा म्हणाला, “आई, डायरीवर असंच असतं.” पूर्ण प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता, आणि तो पैसे गेल्यावर अर्ध्या तासाने आला.

निर्णयाच्या अभ्यासात या गळतीला एक ओळखीचा क्रम आहे. जॉन पेन, जेम्स बेटमन आणि एरिक जॉन्सन यांनी १९८८ मध्ये वेळेच्या दाबाखालचे निर्णय तपासले. माणसं आधी तीच पद्धत भरभर चालवतात, मग माहिती गाळतात, आणि दाब फारच वाढला तर पद्धतच बदलून सोप्या कसोटीवर येतात. इथे तिन्ही पायऱ्या दिसतात. गुरुवारी रात्री नवरा दोन तास मोबाइलवर उज्जैन रोडचे भाव बघत होता, ती घाईची पायरी. शुक्रवारी साइटवर पाणी, वीज, मंजुरी हे विषय कुणी काढलेच नाहीत, ती गाळण्याची. शनिवारी एकच कसोटी उरली: बगिच्यासमोरचा मिळतोय की जातोय?

गाळताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे घड्याळ ठरवत नाही. ते घराच्या मनात आधीपासून जे वर तरंगत असतं, त्यावर ठरतं.

मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन यांनी १९९२ मध्ये भौतिक मूल्यं मोजायची १८ वाक्यांची मोजपट्टी मांडली. तिचे तीन भाग: वस्तू आयुष्याच्या मध्यभागी असणं, वस्तू मिळाल्या की सुख मिळेल असं वाटणं, आणि आपलं वा दुसऱ्याचं यश वस्तूंवरून मोजणं. पहिल्या दोन भागांत हे कुटुंब खालीच राहील. तिसऱ्यात मात्र वर जाईल. ‘आपण चांगले कमावतो, मुलाला चांगलं शिकवतो, मग दाखवायला काय आहे?’ हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नाही, पण १९ प्रश्नांतले निम्मे त्यातूनच निघाले होते. म्हणून अशा प्रकरणांना ‘हव्यास’ म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. हव्यासी माणूस वस्तूच्या मागे लागतो. हे लोक यशाच्या दाखल्याच्या मागे होते. आणि दाखला ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याच्या गाळणीतून ‘बगिच्यासमोर’ टिकतं आणि ‘खसरा’ गळतो.

घाई म्हणजे बेफिकिरी नव्हे

लोकांची समजूत अशी की घाईत माणूस जोखमीकडे काणाडोळा करतो. प्रयोग इतके सरळ नाहीत. हसिदा बेन झूर आणि श्लोमो ब्रेझनिट्झ यांना १९८१ मध्ये उलटं दिसलं होतं. वेळ कमी असताना लोकांनी कमी जोखमीचे पर्याय निवडले आणि हरण्याच्या बाजूकडे जास्त लक्ष दिलं. मग हे कुटुंब ८ लाख रोख देऊन कसं बसलं?

कारण तेही हरण्याच्या बाजूकडेच पाहत होते. फक्त ‘हरणं’ कशाला म्हणायचं, ते दुसऱ्याने ठरवलेलं होतं. शुक्रवारी टोकन दिल्याच्या क्षणापासून प्लॉट मनाने त्यांचा झाला. रविवारी पैसे न देणं म्हणजे ५१ हजार बुडणं, वर लाँचचे ६ लाख ‘गमावणं’, आणि मेव्हण्याकडे प्लॉट असताना आपल्याकडे नसणं. हे तिन्ही तोटे डोळ्यांना दिसणारे, तारीख असलेले. ८ लाख अडकण्याचा तोटा बिनतारखेचा, धूसर. दाबाखालचं मन सावधच होतं, पण त्या सावधपणानेच पैसे द्यायला लावले. टोकन त्यासाठीच असतं. ते बयाणा म्हणून फार कामाचं नसतं, पण गिऱ्हाइकाच्या मनातली शून्याची खूण, म्हणजे नफा-तोटा जिथून मोजायचा ती जागा, सरकवायला एकदम कामाचं.

दलालाने आणखी एक मुदत वापरली होती: “एक अप्रैल से गाइडलाइन बढ़ रही है.” मध्य प्रदेशात जमिनीचे सरकारी गाइडलाइन दर नव्या आर्थिक वर्षापासून बदलतात आणि रजिस्ट्रीचं मुद्रांक शुल्क त्यावर ठरतं, हे खरंच आहे. पण या सौद्यात रजिस्ट्री मुळात सहा महिन्यांनी होणार होती. शुल्क तेव्हाच्या दराने लागणार होतं, पैसे ३० मार्चला द्या की १० एप्रिलला. खऱ्या तारखेचा धाक खोट्या जागी वापरला गेला. हे पकडायला एकच वाक्य पुरलं असतं: “या तारखेला माझ्या कोणत्या कागदावर काय बदलतं?”

मेव्हणा आणि पीथमपूरचा एक सहकारी, दोघांची उदाहरणंही कामी आली. सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी डायरीवर घेतलेल्या प्लॉटवर पैसे केले होते. ज्यांचे अडकले ते डब्याच्या सुट्टीत त्याबद्दल बोलत नाहीत.

न मांडलेला हिशेब

दलालाचा हिशेब एका ओळीचा होता: ८ लाख घालून ६ लाख नफा. खरा हिशेब अर्ध्या तासाचा आहे.

३२ लाखांपैकी रजिस्ट्री होणार होती १४ लाखांची, बाकी १८ रोख. त्यातले ८ गेले, १० राहिले. बँक प्लॉटसाठी कर्ज देते ते रजिस्ट्रीच्या किमतीवर, तेही सगळ्या किमतीवर नाही. १४ लाखांवर १० मिळाले असं धरू. म्हणजे स्वतःचे ४ लाख आणि रोखीचे १०, एकूण १४ लाख सहा महिन्यांत उभे करायचे. शिवाय मुद्रांक शुल्क, दलाली, सोनेतारणाचं महिना २,५०० व्याज. घरात उरतात महिन्याला १८ हजार, सहा महिन्यांचे १ लाख ८ हजार.

थोडक्यात, हे कुटुंब तो प्लॉट कधीच पुरा करू शकणार नव्हतं. घर बांधायचं म्हणून निघालेला माणूस वाटेत कधीतरी डायरी फिरवणारा सटोडिया झाला होता, आणि ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. एकदा हे मान्य केलं की आकडे बदलतात. फिरवणाऱ्याला लाँचचे सहाशे रुपये फूट मिळत नाहीत. या सौद्यात दलालानेच नंतर सांगितलेला प्रीमियम दोनशे रुपये फूट, म्हणजे २ लाख. आठ लावून दोन मिळवायचे, तर अशा पाच डायऱ्यांतली एक पूर्ण बुडाली तरी चार जिंकलेल्यांची कमाई धुऊन निघते. पाचांत एक! ज्या कागदावर घेणाऱ्याचं नाव नाही, त्यावर ही पैज कुणी शांत डोक्याने लावणार नाही.

पुढे काय झालं

सप्टेंबरपर्यंत काही नाही. ऑक्टोबरमध्ये नकाशा मंजूर झाला, पण बदलून. मोकळ्या जागेचं प्रमाण पुरं करायला बगिचा पूर्वेकडे सरकवला होता आणि ११२ ते ११९ हे प्लॉट त्याच्या पोटात गेले होते. बगिच्यासमोरचा प्लॉट बगिच्यातच गेला. दलालाचा प्रस्ताव: मागच्या ओळीतला पश्चिममुखी प्लॉट, भाव ३,७००.

रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार नोंदणी झालेल्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा असा बदलायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. पण इथे बदल नोंदणीच्या आधीच झाला, आणि डायरीवाला कुणाच्याही यादीत खरेदीदार नव्हता. कलम ३ प्रमाणे नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. सूट फक्त ५०० चौरस मीटर किंवा आठ घटकांपर्यंतच्या प्रकल्पाला. कलम १३ प्रमाणे नोंदवलेल्या कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. इथे पंचवीस टक्के घेतले होते. कायदा बाजूने, कागद मात्र नाही.

महिनाभर त्यांनी तक्रार केली नाही, कारण “रोख दिले, आपणच अडकू.” ही भीती इतकी सर्रास आहे की तिच्यावर अर्धा धंदा चालतो. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६९एसएस स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला लागू होतं, आणि कलम २७१डी चा तितकाच दंडही त्यालाच. देणाऱ्याला पैसे आले कुठून ते दाखवावं लागतं. या घराकडे ते होतं: मोडलेली ठेव, सोनेतारणाची पावती, २९ मार्चला एकाच दिवशी खात्यातून निघालेले ६ लाख ७० हजार. त्या डायरीच्या पानापेक्षा बँकेचं पासबुक भक्कम पुरावा आहे, हे वकिलाकडे गेल्यावर कळलं.

त्या तीन दिवसांत काय बसलं असतं

‘घाई करू नका’ हा सल्ला आम्ही देत नाही. घाई असतेच, आणि ती समोरच्याच्या हातात असते. त्याच वेळेत काय बसवता येतं ते पाहावं.

सगळ्यात आधी फोनवरच विचारायचं: “चेक कोणाच्या नावाने काढू?” दहा सेकंदांचा प्रश्न, पण इतर सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जातो. नाव आलं तर शोधता येतं. नाव येत नसेल तर बाकीचं तपासायची गरज उरत नाही. त्यानंतर मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प आणि दलाल, दोघांची नोंदणी पाहायची. दलालालाही कलम ९ प्रमाणे नोंदणी लागते. याला पंधरा मिनिटं. साइटवर दिशा विचारण्याआधी खसरा क्रमांक विचारायचे आणि जमिनीच्या सरकारी नोंदींच्या भूलेख संकेतस्थळावर जमीन कुणाच्या नावे आहे, डायव्हर्जन (शेतजमीन बिगरशेती करणं) झालंय का ते बघायचं. शनिवारी बँकेत जाणारच होते, तर तिथेच कर्ज विभागात विचारायचं की या प्रकल्पाला तुम्ही कर्ज देता का. बँकेने आपल्या पैशासाठी केलेली तपासणी अशी फुकट वापरता येते. वकिलाचा तीस वर्षांच्या मालकीचा सर्च (नोंदींचा शोध) तीन दिवसांत होईलच असं नाही, पण त्याआधीच्या चार पायऱ्यांतच हा सौदा गळून पडला असता.

आणि घरात एक माणूस असा ठेवायचा, ज्याने साइट पाहिलेली नाही. त्याने बगिचा बघितलेला नसतो, म्हणून त्याला कागद दिसतो. इथे तो माणूस घरातच होता, पंचाहत्तरीचा, गुढीच्या पाटापाशी बसलेला.

डिसेंबर २०२५ पर्यंत दलालाने तीन हप्त्यांत ५ लाख २० हजार परत केले, तेही रोखच. पाटल्या आणि गोठ सोडवून आणले, त्यावर नऊ महिन्यांचं साडेबावीस हजार व्याज भरलं. राहिलेल्या २ लाख ८० हजारांसाठी वकिलाने नोटीस तयार केली आहे. मजकूर दीड पानाचा, कलमांसहित. ‘प्रति’ च्या पुढची जागा अजून कोरी आहे.